अर्धेलीचं शेत

"पैसं आधीच दिलंस व्हय?"

जानेवारी 2022. बाहेर गुडघाभर बर्फ आणि मी आबांना फोनवर सांगत होते की आम्ही इथल्या एका शेताचे सभासद झालोय. 380 डॉलर भरलेत, जून ते ऑक्टोबर दर गुरुवारी जाऊन भाजी आणायची.

"काय मिळणार, किती मिळणार, ते लिहून दिलंय का?"

नाही.

"गारपीट झाली तर?"

मग कमी मिळणार.

"आन् पूर आला तर?"

तर काय, नाहीच मिळणार कदाचित.

आबा गप्प झाले. कृष्णाकाठी त्यांची साडेतीन एकर जमीन. माल उचलून नेऊन सहा-सहा महिने पैसे न देणारे व्यापारी त्यांनी पाहिलेत. रानात काही उगवायच्या आत पैसे मोजणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं आणि ते नेमकं स्वतःची लेक निघालं.

"पुरा वाटा घेतलास का?"

"नाही, हाफ शेअर. अर्धा."

"म्हंजी अर्धेलीनं शेत केलंस म्हण की!" असं म्हणून ते इतके हसले की मागून आईनं विचारलं, काय झालं. अर्धेली म्हणजे निम्म्या वाट्यानं दुसऱ्याचं रान कसणं. तेव्हापासून आमच्या घरात त्या शेताचं नाव अर्धेली. त्याचं खरं नाव लाकडी पाटीवर सुबक अक्षरांत लिहिलेलं आहे, पण ते आम्ही फक्त चेकवर लिहितो.

आम्ही राहतो मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात, कनेटिकट नदीच्या खोऱ्यात. नवरा इथल्या विद्यापीठात नोकरीला. हिमयुग संपताना इथे एक अवाढव्य सरोवर होतं, लेक हिचकॉक. त्याच्या तळाशी बसलेला गाळ आणि नंतर नदीनं पुरापुरांत आणून टाकलेला गाळ मिळून ही जमीन झाली. दगडधोंड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या न्यू इंग्लंडमध्ये हा पट्टा असा की मूठभर माती उचलली तर पिठासारखी लागते. हॅडली हे गाव एके काळी शतावरीच्या कोंबांसाठी, म्हणजे ॲस्परॅगससाठी, देशभर नावाजलेलं होतं. रस्त्यानं जाताना अजूनही तंबाखू सुकवायची उंच लाकडी कोठारं दिसतात, भिंतीच्या फळ्या वाऱ्यासाठी उघडता येणारी. आबांना हे सगळं सांगायला मला एकच शब्द लागला. मळीची जमीन. त्यांना पुढचं आपोआप कळलं.

या पद्धतीला इथे सीएसए, म्हणजे कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर, म्हणतात. लोकांनी मिळून एखादं शेत पाठीवर घ्यायचं, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत ती 1986 साली दोन ठिकाणी सुरू झाली: आमच्याच राज्यात साउथ एग्रमाँटच्या इंडियन लाइन फार्मवर आणि शेजारच्या न्यू हॅम्पशरमध्ये टेंपल-विल्टन इथे. जपानमध्ये त्याआधीच, सत्तरच्या दशकात, तेईकेई नावानं शहरातल्या घरांनी शेतकऱ्यांशी थेट बोली केली होती. मूळ अडचण कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असलेली. बियाणं, खत, हरितगृह तापवायचा गॅस, मजुरी हा सगळा खर्च फेब्रुवारी-मार्चात आणि पहिला पैसा जूनमध्ये. मधल्या काळात बँकेकडे जायचं किंवा गिऱ्हाइकांकडे. आपल्याकडे मजूर मालकाकडून उचल घेतो. इथे शेतकरी खाणाऱ्यांकडून घेतो, बिनव्याजी. मोबदल्यात जे पिकेल त्यात वाटा. जे पिकणार नाही त्यातही.

आमचं शेत एका कुटुंबाचं आहे. नवरा-बायको, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आणि नवऱ्याची आई. आजीबाई गुरुवारी कोठाराच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि आल्यागेल्याच्या नावापुढे खूण करतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव तीनदा विचारून घेतलं, चौथ्यांदा स्वतः म्हणून पाहिलं आणि नंतर कधीही चुकल्या नाहीत.

आत एक फळा. त्यावर खडूनं लिहिलेलं: आज यांतल्या कुठल्याही सहा वस्तू घ्या. खाली क्रेट मांडलेले, मधे वजनकाटा. शिवाय शेतात जाऊन आपल्या हातानं तोडायच्या गोष्टी वेगळ्या. जूनमध्ये एक क्वार्टचा डबा भरून स्ट्रॉबेरी, पुढे शेंगा, छोटे टोमॅटो, फुलं.

पहिले चार आठवडे नुसता पाला. लेट्यूसचे दोन गड्डे, पालक, बोक चॉय, केल, मुळे, हाकुरेई नावाचे पांढरेशुभ्र गोड सलगम आणि त्यांचाही पाला. शुक्रवारी फ्रिज उघडला की झुडपात डोकं घातल्यासारखं वाटायचं. नवऱ्यानं पहिल्याच गुरुवारी एक एक्सेल शीट उघडली. भाजी, वजन, दुकानात सेंद्रिय घेतली असती तर पडलेली किंमत आणि शेवटचा रकाना 'फेकलं'. तो रकाना त्यानं मला लागावा म्हणून घातलेला नव्हता, असं तो म्हणतो. जूनअखेर त्यात साडेतीन किलो होते.

मग मी जरा नेटानं लागले. मुळ्याच्या पाल्याची मुगाची डाळ घालून भाजी, सलगमाच्या पाल्याचं पीठ पेरून. स्विस चार्ड नावाची लाल-पिवळ्या देठांची पालेभाजी बिटाची बहीण. तिची शेंगदाणे आणि हरभरा डाळ घालून पातळ भाजी अशी जमली की नवऱ्यानं अळू कुठं मिळाला म्हणून विचारलं. कोलार्डची पानं वड्यांना. ती खाजत नाहीत, त्यामुळे चिंच केवळ चवीपुरती, आणि जाड असल्यामुळे शीर लाटण्यानं दाबून घ्यावी लागते. लसणाचे दांडे मात्र मी कधी पाहिलेले नव्हते. थंड देशातल्या लसणाला जूनमध्ये मधोमध एक दांडा फुटतो, शेळीच्या शिंगासारखा वळलेला. तो काढून टाकला तर खालचा गड्डा पोसतो. हिरव्या मिरच्या, तो दांडा, मीठ, तव्यावर भाजून खलबत्त्यात ठेचलं. त्या ठेच्याच्या पहिल्या वाटीनंतर 'फेकलं' रकान्यात आठवडाभर शून्य होतं.

नवलकोलाच्या बाबतीत तर मी भाव खाऊन घेतला. क्रेटपुढे तीन-चार जण उभे होते, हे काय परग्रहावरून आलंय अशा चेहऱ्यानं. मी सांगितलं, साल जाड काढा, कच्चा खा, नाहीतर फोडी करून हरभऱ्याच्या डाळीत टाका. पुढच्या आठवड्यात एक बाई येऊन म्हणाल्या, डाळीत टाकला, आता तुमची डाळ कशी करायची ते पण सांगा.

हंगामाचं गणित मात्र मला वर्षभर उलगडत नव्हतं, कारण ते आपल्या उलटं आहे. मटार, मुळा, नवलकोल, गाजर, कोथिंबीर, पालक या माझ्या डोक्यात हिवाळ्याच्या भाज्या. मार्गशीर्ष-पौषात ढिगानं येणाऱ्या. इथे हिवाळ्यात जमीन दगड झालेली असते. त्यामुळे आपला हिवाळा इथे दोन तुकड्यांत येतो, एक जूनमध्ये आणि दुसरा सप्टेंबरनंतर. मधल्या दीड-दोन महिन्यांत सगळा उन्हाळा कोंबलेला: टोमॅटो, वांगी, मिरच्या, मका, काकड्या, खरबूज, एकदम, अंगावर आल्यासारखे. आणि या रचनेत एक दुष्टपणा आहे. कोथिंबिरीला उष्णता सोसत नाही. जुलैत ती तुऱ्यावर जाते. टोमॅटो लाल होऊन हातात येतो तेव्हा कोथिंबीर गेलेली असते. सबंध ऑगस्ट मी कोशिंबिरीवर हिरवे धने ठेचून घातले. वाईट लागत नाहीत, पण कोथिंबीर ती कोथिंबीर.

2022चा उन्हाळा कोरडा गेला. ऑगस्टात राज्याच्या बऱ्याच भागांत दुष्काळ जाहीर झाला होता. मक्याची कणसं बोटभर कमी भरली, लेट्यूस कडू झालं, पण टोमॅटो असे गोड की आजीबाई म्हणाल्या, पाणी कमी पडलं की असंच होतं. हे वाक्य मी आबांकडून द्राक्षांबद्दल ऐकलं होतं.

त्याच ऑगस्टात माझी भांगलणीची पाळी आली. प्रत्येक सभासदानं हंगामात चार तास काम करायचं असा इथला नियम आहे. बहुतेक लोक कांदे निवडण्याचं किंवा लसूण साफ करण्याचं सावलीतलं काम मागतात. मला गाजराच्या ओळी मिळाल्या. लांब दांड्याचं खुरपं दिलं, ते मी बाजूला ठेवलं आणि बसून हातानं सुरू केलं. दहा मिनिटांनी थांबले. ओळींच्या मधे जमिनीलगत पसरलेली, जाड पानांची, तांबूस देठांची घोळ होती. आपली घोळ. आंबूस, चिकट, श्रावणात आई दह्यात करायची ती. पलीकडे राखाडी पीठ भुरभुरवल्यासारखी पानं. चाकवत. त्याच्या पुढे लाल मुळाचा एक रानमाठ. मी उपटायचं काम करायला आले होते आणि मला एकही झाड फेकवेना.

शेतकरीणबाईंना विचारलं, हे मी घरी नेलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, हवं तेवढं ने, शेतभर आहे, पंधरा वर्षं मी त्याच्याशी भांडतेय. तेवढ्यात पलीकडच्या ओळीत काम करणारा मेक्सिकोचा एक माणूस उठून आला. त्यानं माझ्या टोपलीत पाहिलं आणि घोळीवर बोट ठेवून म्हणाला, "व्हेर्दोलागास!" त्यांच्याकडे ती डुकराच्या मांसात, हिरव्या टोमॅटिलोच्या रश्शात शिजवतात. चाकवताच्या जातीचा पालाही खातात. त्याच्या मोडक्या आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत आम्ही पाऊण तास पालेभाज्यांवर बोललो आणि शेतकरीणबाई आपल्याच शेतात परक्या माणसासारख्या ऐकत उभ्या राहिल्या.

त्या रात्री ताकातला चाकवत केला. बेसन लावून, शेंगदाणे घालून, वरून लसणाची फोडणी. गुरुवारी डबाभर घेऊन गेले. शेतकऱ्यानं कोठारात उभ्या-उभ्या पावाबरोबर संपवला. आजीबाईंनी चमचाभर घेतला आणि म्हणाल्या, लहानपणी आम्ही पण हे खायचो, नंतर कोणी खाल्लं नाही. मुलीनं वास घेऊन डबा परत ठेवला. पुढच्या आठवड्यापासून दाराशी एक जादा क्रेट दिसायला लागला. वर चिठ्ठी: तण, फुकट. पहिल्यांदा फक्त मी आणि तो मेक्सिकोचा माणूस त्यात हात घालायचो. सप्टेंबरपर्यंत मला लवकर जावं लागायला लागलं. नवऱ्यानं एक्सेलमध्ये त्याला किंमत काय लावायची हे विचारलं. फुकट, म्हटलं. पण दुकानात मिळत नाही ना, मग अमूल्य लिहू का? मी उत्तर दिलं नाही.

त्या वर्षी ऋषिपंचमी 1 सप्टेंबरला आली, नेमकी गुरुवारी. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, हा नियम माझ्या आजीनं मरेपर्यंत पाळला. म्हणून आणायला गेल्यावर मी शेतकऱ्याला गंभीर चेहऱ्यानं विचारलं की तुम्ही शेतात जनावरं जुंपता का. इथे खोऱ्यात काही जण घोड्यांनी शेती करतात, त्यामुळे प्रश्न अगदीच हास्यास्पद नव्हता. त्यानं बोटानं एक जुनाट लाल ट्रॅक्टर दाखवला. म्हणजे नियमाच्या अक्षरानुसार सबंध अमेरिका ऋषींना चालते. कणसाचे तुकडे, भोपळा, हिरव्या शेंगा, चार्डचे देठ, कोलार्ड, तणाच्या क्रेटमधला माठ. दोडक्याच्या जागी झुकिनी. ओलं खोबरं फ्रीझरमधलं. भाजी आईच्या भाजीसारखी लागली नाही. पण भाजीसारखी लागली.

ऑक्टोबरमध्ये रुटाबागा आल्या.

रुटाबागा म्हणजे सलगम आणि कोबी यांच्या संकरातून झालेलं, नारळाएवढं, जांभळट-पिवळं कंद. मी भाजी केली, किसून थालीपिठात घातली, सांबारात टाकली, एकदा तर हलवा केला. प्रत्येक वेळी ती भाजी शांतपणे रुटाबागाच राहिली. हंगामाच्या शेवटी नवऱ्यानं बेरीज सांगितली: 441 डॉलरचा माल आला, त्यातला 37 डॉलरचा फेकला, पैकी निम्म्याहून अधिक रुटाबागा. फायदा 24 डॉलर, तुझ्या भांगलणीची मजुरी धरली नाही.

2023ला आम्ही परत अर्धा वाटा घेतला आणि सोबत फळांचा वेगळा वाटाही. तो शेतकरी जवळच्या एका बागेकडून आणून देतो. त्या वर्षाचा पायगुणच वाईट. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन रात्री एवढी थंडी पडली की पीचच्या झाडांवरच्या कळ्या आतून काळ्या पडल्या. राज्यात पीच जवळजवळ झालेच नाहीत. 18 मेच्या पहाटे दहिवर गोठलं, तेव्हा सफरचंदं नुकतीच फुलातून बाहेर पडत होती. आबांना फोन केला की ते आता "रान कसं हाय?" असं विचारायचे, जणू मी शेजारच्या वाडीत नांदायला गेलेय.

9 आणि 10 जुलैला व्हरमाँटमध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला. व्हरमाँट आमच्या वर, उत्तरेला. त्यांचं पाणी आमच्याच नदीत येतं. त्यांच्या राजधानीत, माँटपेलिअरला, रस्त्यांतून पाणी वाहतानाचे व्हिडिओ आले. आमच्याकडे पाऊस त्यामानानं कमी होता. साताऱ्याकडे पाऊस लागला की आमच्या सांगलीत लोक आयर्विन पुलाखाली किती फूट झालंय ते विचारत बसतात. 2019 साली ते 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि आबा-आई माझ्या मामाच्या माडीवर नऊ दिवस होते. इथे नदीची पातळी माँटेग्यूला मोजतात. सोमवारी सकाळपासून मी तो आलेख उघडून बसले. दुपारी शेतावरून ईमेल आला, दोन ओळींचा. उद्या पाणी खालच्या रानात येणार. ज्यांना शक्य आहे त्यांनी आत्ता या, जुने बूट घाला.

मी पोचले तेव्हा तीस-चाळीस माणसं होती. कोणी शाळेतले मास्तर, कोणी नर्स थेट ड्यूटीवरून, दोन-तीन पोरं. शेतकरी ट्रॅक्टरच्या पायरीवर उभा राहून सांगत होता. गाजरं राहू द्या, अजून करंगळीएवढी आहेत. कांदे राहू द्या. कोबी जो भरलाय तो कापा. झुकिनी, काकडी जी दिसेल ती. आणि आधी लसूण.

लसूण तयार व्हायला आठवडाभर होता. ओढला तर निघत होता, पण पाती अजून हिरव्या. एरवी कोणी हात लावू दिला नसता. मी त्या मेक्सिकोच्या माणसाच्या शेजारच्या ओळीत होते. तो खोऱ्यानं माती सैल करत पुढे जायचा, मी ओढून, झटकून, दहा-दहाच्या जुड्या रचायची. कोणी फारसं बोलत नव्हतं. सूर्य मावळायच्या सुमाराला शेताच्या खालच्या टोकाला, ओढ्याच्या तोंडाशी, पाणी चमकायला लागलं. ते वाहत येत नव्हतं. जमिनीतून वर आल्यासारखं, सऱ्यांमधून, मांजराच्या पावलांनी. आम्ही हेडलाइट लावून साडेनऊपर्यंत ओढत राहिलो. सगळा लसूण निघाला. शेवटच्या जुड्या उचलताना घोट्यापर्यंत चिखल होता.

मंगळवारी खालचं रान दिसत नव्हतं. कोठाराच्या उतारावरून पाहिलं तर एक तळं, त्यात ओळीनं उभ्या केलेल्या टोमॅटोच्या खुंट्यांची टोकं. मी आबांना व्हिडिओ कॉल लावून फोन तिकडे धरला. ते बराच वेळ बघत राहिले.

"किती दिस ऱ्हाईल?"

"दोन दिवस म्हणतात."

"दोन दिस म्हंजी मुळं गुदमरत्यात. वरनं हिरवं दिसंल, पर गेलं ते." मग म्हणाले, "पाणी उतरल्यावर मळी किती टाकली ते बघ. बोटानं मोजून सांग."

पाणी उतरलं तेव्हा मी गेले. सगळ्यावर राखाडी-तपकिरी पातळ थर, वास गटाराचा. आणि त्यात चार्ड उभा, काकड्या वेलींवर लटकलेल्या. माझ्या डोळ्यांना ते धुऊन खाण्यासारखं वाटत होतं. पण पुराच्या पाण्यात वरच्या गावांचं सांडपाणी, डिझेल, काय-काय असतं. खाण्याच्या भागाला ते पाणी लागलं की तो माल माणसांना विकायचा नाही, असा इथल्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक आहे. विकायचा नाही आणि वाटायचाही नाही. सगळं रोटरखाली घालायचं. शेतकरी हे सांगत असताना मला बांधाशी चाकवत दिसला. पुरुषभर वाढलेला, तजेलदार. त्यालाही हात लावता येत नव्हता.

मी बोटानं मोजलं. नखभर. आबांना कळवलं, ते म्हणाले, "एवढीच? मग नुस्ता तरासच दिला."

पंधरा दिवसांनी शेताकडून सभासदांना पत्र आलं. वरच्या रानात आणि पॉलिहाऊसमध्ये जे आहे त्यावर हंगाम पुढे नेऊ, वाटे निम्म्यावर येतील, कोणाला पैशांची खरीच अडचण असेल तर सांगा, जमेल तसे परत करू. चाळीस तऱ्हेच्या भाज्या थोड्या-थोड्या पिकवणाऱ्या असल्या छोट्या शेताला पीकविमा धडपणे बसत नाही, हेही त्यात होतं. राज्यात पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी एक मदतनिधी उभा राहिला, त्यात लोकांनी पैसे घातले.

जेवताना नवरा म्हणाला, "अर्धा वाटा निम्म्यावर म्हणजे पाव."

"हो."

"पैसे मागायचे का?"

मी म्हटलं, गारपीट झाली तर काय, हे आबांनी दीड वर्षापूर्वी विचारलं होतं तेव्हा तू शेजारीच बसला होतास. तो म्हणाला, मी नुसतं विचारलं. मग त्यानं निधीला किती द्यायचे ते विचारलं. त्यावरही आमचं थोडं वाजलं. मला त्याचा आकडा कमी वाटला आणि त्याला माझा भावनेच्या भरातला. मधला ठरला.

पुढचे गुरुवार चमत्कारिक होते. फळ्यावर 'सहा' पुसून 'तीन' लिहिलेलं. पण कोठारात गर्दी तेवढीच, उलट लोक रेंगाळायचे. पॉलिहाऊसातले टोमॅटो, वरच्या रानातल्या शेंगा आणि बटाटे, शेजारच्या उंचावरच्या एका शेतानं दिलेला मका. आणि लसूण. दर आठवड्याला लसूण. तो नीट सुकवून टिकवण्याइतका पिकलेला नव्हता, म्हणून ओला-ओला वाटत होते. मी लसणीच्या चटणीच्या तीन बरण्या केल्या. ऋषीच्या भाजीत, 20 सप्टेंबरला, जेमतेम चार भाज्या होत्या आणि माठ वरच्या रानाच्या बांधावरून मी स्वतः शोधून काढला होता. एक्सेल शीट नवऱ्यानं ऑगस्टनंतर उघडली नाही. त्यानं तसं जाहीर वगैरे काही केलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी लसूण लावायचा होता, वरच्या रानात. इथे तो थंडीच्या तोंडाशी लावतात; बर्फाखाली मुळं धरून बसतो आणि मार्चात कोंब काढतो. बियाणं म्हणजे त्या सोमवारी रात्री ओढलेल्या लसणातले मोठे गड्डे. तेवढे मात्र त्यांनी जपून, कोठाराच्या माळ्यावर पंखे लावून सुकवले होते. आजीबाई आणि आम्ही चार-पाच जणी बसून पाकळ्या सोडवत होतो. एका गड्ड्याला पाच-सहाच पाकळ्या, पण अंगठ्याएवढ्या. नवराही आला होता, पहिल्यांदाच. त्याला अंतर मोजायची काठी दिली होती आणि ते काम त्याला मनापासून आवडलं. वीतभर अंतर, दोन बोटं खोल, टोक वर. उलटी लागली तर कोंब वळसा घेऊन येतो. मग वरून गवताचा जाड थर.

निघताना हंगामाचा शेवटचा वाटा म्हणून प्रत्येकाला एक-एक पिशवी मिळाली. लसणाचे चार गड्डे आणि पुराची झळ न लागलेल्या तुकड्यातल्या तीन रुटाबागा, एरवीपेक्षा मोठ्या.

लसूण दिवाळीपर्यंत संपला. रुटाबागा मार्चपर्यंत होत्या.